रामकिंकर बैज : जांभ्याच्या खडीतून उभी राहिलेली शिल्पशाळा

आधुनिक भारतीय शिल्पकलेचा विचार करताना ज्यांच्या नावापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही, असे शिल्पकार म्हणजे रामकिंकर बैज. दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या इमारतीच्या दाराशी उभे असलेले प्रचंड यक्ष आणि यक्षी अनेकांनी येता-जाता पाहिलेले असतात. ते घडवणारा कलावंत कोण, हे मात्र त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. बंगालमधील बांकुडा या गावी एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला हा मुलगा १९२५ मध्ये विद्यार्थी म्हणून शांतिनिकेतनात आला, तेथेच शिक्षक झाला आणि १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवत राहिला. त्यांची सर्वांत महत्त्वाची शिल्पे ब्राँझची नाहीत आणि संगमरवराचीही नाहीत. ती सिमेंट आणि जांभ्या दगडाच्या खडीची आहेत. ज्या शाळेत ती घडली त्या शाळेपाशी ब्राँझसाठी पैसे नव्हते, हे त्याचे अगदी साधे कारण आहे. या अडचणीतून रामकिंकरांची कला घडली आणि त्यांची शिकवण्याची रीतही घडली. त्या शिल्पांच्या आयुष्यापुढे उभे राहिलेले प्रश्नदेखील याच अडचणीतून आले आहेत.

बांकुड्याचे दिवस

रामकिंकरांचा जन्म मे १९०६ मध्ये झाला. घरी कलेची परंपरा नव्हती आणि शिक्षणाचीही फारशी सोय नव्हती. मात्र बांकुडा हा कारागिरांचा प्रदेश आहे. तेथील मातीचे घोडे देशभर प्रसिद्ध आहेत आणि जवळच असलेल्या विष्णुपूरची मंदिरे भाजलेल्या मातीच्या शिल्पपट्ट्यांनी मढलेली आहेत. वस्तीत सूत्रधार आणि कुंभार मूर्ती घडवीत असत. लहानगा रामकिंकर त्यांच्यापाशी तासन् तास बसे. अनंत सूत्रधार नावाच्या मूर्तिकाराच्या हाताखाली गवताचा सांगाडा बांधणे, त्यावर मातीचा थर चढवणे, बोटाने चेहऱ्याला आकार देणे ही कामे तो पाहत व करीत शिकला. पहिल्या गुरूने त्याला शब्दांतून काहीच शिकवले नाही. काम समोर चालले होते आणि त्यात हात घालण्याची मुभा होती. पुढे स्वतः शिक्षक झाल्यावर रामकिंकरांनी विद्यार्थ्यांना जी मुभा दिली, तिचे मूळ येथे शोधावे लागते.

किशोरवयात त्याने नाटकांचे पडदे रंगवले. असहकार चळवळीच्या काळात राष्ट्रीय नेत्यांची चित्रे काढून दिली. ही चित्रे रामानंद चट्टोपाध्याय यांच्या दृष्टीस पडली. प्रवासी आणि मॉडर्न रिव्ह्यू या नियतकालिकांचे हे विख्यात संपादक मूळचे बांकुड्याचेच. त्यांनी या मुलाला शांतिनिकेतनला पाठवण्याची व्यवस्था केली.

नंदलाल बोस यांची शाळा

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९१९ मध्ये कलाभवनाची सुरुवात केली होती आणि रामकिंकर तेथे आले तेव्हा नंदलाल बोस तिचे प्रमुख होते. सोबत आणलेली चित्रे पाहून नंदलालांनी त्याला सांगितले की हे सर्व तुला येतेच आहे, मग येथे कशाला आलास. आला आहेस तर दोन-तीन वर्षे राहा. ती दोन-तीन वर्षे कधी संपली नाहीत, असे रामकिंकर पुढे हसत सांगत.

त्या काळी शिल्पकलेचे शिक्षण म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि कोलकाता व मद्रास येथील सरकारी कलाशाळांमध्ये ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हुबेहूबपणाचा अभ्यास करवला जाई. या शिस्तीतून मोठे कलावंत निर्माण झाले. गणपतराव म्हात्रे यांनी विशीच्या उंबरठ्यावर असताना, १८९६ मध्ये घडवलेली मंदिरपथगामिनी हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु त्या शिक्षणाचा शेवट बहुधा राजे-महाराजे, राज्यपाल आणि धनिक यांच्या पुतळ्यांच्या मागणीत होत असे. मागणी देणारा असेल तरच ब्राँझ किंवा संगमरवर मिळणार, आणि मागणी देणारा स्वतःचाच चेहरा मागणार, असे ते गणित होते.

कलाभवनात यातले काही नव्हते. परीक्षा नव्हत्या आणि ठरीव अभ्यासक्रमही नव्हता. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच छपराखाली आपापले काम करीत. कोल्हापूरचे विनायक मासोजी, पुढे दृष्टी गमावूनही थोर चित्रकार म्हणून मान्यता पावलेले विनोदबिहारी मुखोपाध्याय हे तेथे आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक झाले. रामकिंकरही त्याच वाटेने गेले. मात्र या शाळेत एक उणीव होती. नंदलाल चित्रकार होते आणि शिल्पकलेचे शिक्षण देणारे कायमचे कोणी तेथे नव्हते. १९२८ च्या सुमारास लिझा फॉन पॉट या ऑस्ट्रियन शिल्पकार स्त्रीने काही काळ तेथे वर्ग घेतले. तिच्यानंतर मार्गरेट मिलवर्ड ही इंग्लिश शिल्पकार आली. ती फ्रान्सच्या बूर्देल यांची शिष्या होती आणि बूर्देल हे रोदँ यांच्या कार्यशाळेतून आलेले. अशा रीतीने बांकुड्याच्या मूर्तिकाराचा शिष्य युरोपीय शिल्पपरंपरेच्या कारागिरीशी जोडला गेला. लोखंडी सांगाडा कसा उभारावा, साचा कसा घ्यावा, व्यक्तिशिल्पात डोक्याची हाडे कशी ओळखावीत, हे त्याने या दोघींकडून घेतले. युरोपमधील बाकीचे शिल्प त्याने पुस्तकांतल्या छायाचित्रांतूनच पाहिले.

गुरू-शिष्यांमध्ये मतभेद होते आणि ते किरकोळ नव्हते. नंदलालांना तैलरंग फारसे मान्य नव्हते. भारतीय कलावंताने जलरंग, टेम्परा आणि भित्तिचित्र यांची वाट धरावी असे त्यांना वाटे. रामकिंकर तैलरंगाकडे ओढले गेले आणि ते तंत्र त्यांनी स्वतःच धडपडत आत्मसात केले. घनवादाचे तुकडे-तुकडे केलेले आकार, पुढे अमूर्त आकार, हेही त्यांच्या कामात आले. नंदलालांनी आपली नापसंती लपवली नाही, पण शिष्याला अडवलेही नाही. १९३४ मध्ये रामकिंकर कलाभवनात रीतसर शिक्षक झाले आणि शिल्पविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, ती नंदलाल प्रमुख असतानाच. आपल्या म्हणण्याबाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती विभाग सोपवणे सोपे नसते. शांतिनिकेतनच्या कलाशिक्षणाची पुष्कळ प्रशंसा होते. तिच्यातील सर्वांत प्रशंसनीय गोष्ट बहुधा हीच असावी.

सुजाता आणि रवींद्रनाथ

१९३५ मध्ये कलाभवनाच्या परिसरात, निलगिरीच्या झाडांच्या मध्ये, रामकिंकरांनी एका उंच, सडपातळ तरुणीचे शिल्प उभे केले. त्या झाडांसारखीच ती सरळ वर गेलेली आहे. जया अप्पास्वामी या विद्यार्थिनीच्या शरीरयष्टीवरून ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. त्या पुढे नामवंत कलासमीक्षक झाल्या. शिल्प पाहून नंदलालांनी तिच्या डोक्यावर खिरीचे पात्र ठेवावे असे सुचवले. पात्र आले आणि ती निव्वळ एक तरुणी न राहता बुद्धाला खीर अर्पण करणारी सुजाता झाली. शिष्याचा आकार तसाच ठेवून त्याला अर्थाची जोड देणारी ही दुरुस्ती होती.

शिल्पाची चर्चा आश्रमात सुरू झाली आणि ती सगळीच अनुकूल नव्हती. एके दिवशी रवींद्रनाथांचे बोलावणे आले. आता आपल्याला बोलणी खावी लागणार, अशी धास्ती घेऊन रामकिंकर गेले. रवींद्रनाथांनी त्यांना विचारले, की असल्या मूर्तींनी सारा आश्रम भरून टाकता येईल का? एक पूर्ण झाली की दुसरी हाती घ्यायची आणि मागे वळून पाहायचे नाही, असेही त्यांनी सांगितले. रामकिंकर हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. बंगाली कादंबरीकार समरेश बसू यांनी पुढे त्यांच्या जीवनावर जी कादंबरी लिहायला घेतली, तिचे देखि नाइ फिरे हे नाव, म्हणजे मागे वळून पाहिले नाही, याच प्रसंगाची आठवण देते. १९८८ मध्ये बसू यांचे निधन झाले आणि ती अपुरीच राहिली.

त्याच वर्षी शांतिनिकेतनात रवींद्रनाथांसाठी श्यामली हे मातीचे घर उभे राहिले. त्याच्या दाराशी मातीच्या भिंतीवर रामकिंकरांनी संथाल स्त्री-पुरुषांच्या उठावाच्या आकृती केल्या. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या, डांबर लावलेल्या काळ्या घराच्या भिंतींवरही शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून उठावशिल्पे घडवली. ज्याला आपण आज कार्यशाळा म्हणतो, ती कलाभवनात घराच्या भिंतीवर भरत असे.

संथाल कुटुंब

१९३८ मध्ये पूर्ण झालेले संथाल कुटुंब हे रामकिंकरांचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प. भारतातील पहिले आधुनिक सार्वजनिक शिल्प म्हणून अनेक अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. एक संथाल पुरुष खांद्यावर कावड घेऊन चालला आहे. कावडीच्या एका टोकाच्या टोपलीत मूल आहे. सोबत पत्नी आहे, तिच्या कडेवर आणखी एक लेकरू आहे, आणि बाजूने कुत्रा चालतो आहे. सारा संसार उचलून हे कुटुंब कामाच्या शोधात दुसरीकडे निघाले आहे. आकृती प्रत्यक्ष माणसांहून मोठ्या आहेत. तोवर आपल्याकडे एवढ्या आकारात आणि उघड्या जागी ज्यांची शिल्पे उभारली जात, ते राजे, सेनापती, लाटसाहेब किंवा देव असत. शांतिनिकेतनच्या आसपास राहणाऱ्या आणि रोज समोरून मजुरीला जाणाऱ्या माणसांना ही जागा मिळाली. त्यांच्या चेहऱ्यावर करुणा ओढून आणलेली नाही. ते दीनवाणे दिसत नाहीत. ताठ मानेने चालतात. कोणी मागणी दिलेली नसल्यामुळेच हे शिल्प असे होऊ शकले, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

त्याची कृती समजून घेणे उद्बोधक आहे. आधी लोखंडी सळ्या आणि तारा यांचा सांगाडा जमिनीत पक्का रोवला जाई. सिमेंट, वाळू आणि जांभ्याची बारीक खडी यांचे मिश्रण कालवले जाई. जांभा कोकणातल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा. वीरभूम जिल्ह्याच्या तांबड्या माळावरही त्याची खडी पायाखाली पसरलेली असते. हे मिश्रण रामकिंकर सांगाड्यावर हाताने फेकून थापत. ते आळून घट्ट होण्याच्या आत आकार साधावा लागे. नंतर छिन्नीने व पत्र्याने खरवडून तो नेमका केला जाई. मातीत घडवायचे, मग साचा घ्यायचा, मग ओतायचे, अशा टप्प्यांना येथे वावच नव्हता. हात चुकला तर लगेच फोडून पुन्हा करावे लागे. पृष्ठभाग खडबडीत राहिला आणि तोच शिल्पाचा स्वभाव ठरला. हे लोक त्याच जमिनीतून वर आल्यासारखे दिसतात, कारण अक्षरशः तसेच झाले आहे.

सिमेंट हे शिल्पाचे माध्यम म्हणून केवळ रामकिंकरांनीच वापरले असे नाही. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा घडवणारे विनायक पांडुरंग करमरकर यांची अलिबागजवळच्या सासवणे येथील संग्रहालयातली सिमेंटची शिल्पे अनेकांनी पाहिली असतील. कोळी स्त्रिया आणि गुरेढोरे असे साधे विषय त्यांनीही या साध्या माध्यमात हाताळले. करमरकरांचे सिमेंट मात्र गुळगुळीत, निगुतीने घोटलेले आहे; रामकिंकरांचे मुद्दाम उघडे ठेवलेले. दोघांच्या शिक्षणातला फरक या पृष्ठभागांवर वाचता येतो.

पुढची वर्षे कामाने भरलेली आहेत. १९४० मध्ये त्यांनी दिव्याच्या खांबाच्या निमित्ताने एक शिल्प केले. भारतातील अगदी सुरुवातीच्या अमूर्त शिल्पांत त्याची गणना होते. १९४३ मध्ये धान झोडपणाऱ्या व्यक्तीचे मस्तकविरहित शिल्प आले. रवींद्रनाथांच्या अखेरच्या काळात त्यांचे व्यक्तिशिल्प रामकिंकरांनी घडवले. त्यात कवी विश्वगुरूच्या आविर्भावात नाही. मान खाली झुकलेली आहे आणि थकलेला वृद्ध माणूस आपल्याच विचारात आहे. पूज्य व्यक्तीची अशी प्रतिमा पाहून नाराज होणारे पुष्कळ निघाले.

१९५६ च्या सुमारास पूर्ण झालेले गिरणीचा भोंगा हे शिल्प संथाल कुटुंबापासून जवळच आहे. भातगिरणीचा भोंगा वाजला म्हणून दोन संथाल स्त्रिया धावत निघाल्या आहेत. धावता धावताच त्या ओले वस्त्र वाऱ्यावर वाळवीत आहेत आणि मागे एक पोर आहे. एक स्त्री पुढे पाहते, दुसरीने मान मागे वळवली आहे. संथाल कुटुंबातील माणसांची चाल संथ होती. अठरा वर्षांनंतर त्याच समाजाच्या पायांत भोंग्याने घाई आणलेली दिसते. या बदलाबद्दल रामकिंकरांनी दुःख व्यक्त केले आहे की उत्साह, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिल्पातील स्त्रिया आनंदी दिसतात एवढे खरे.

शिकवणे म्हणजे काय

रामकिंकरांनी शिल्पकलेवर पाठ्यपुस्तक लिहिले नाही आणि व्याख्यानेही फारशी दिली नाहीत. त्यांचा वर्ग म्हणजे ते काम करीत असलेली जागा. डोक्यावर शेतकऱ्याची गवती टोपी, अंगात मळके कपडे आणि गळ्यात खड्या आवाजातले लालन फकिराचे किंवा रवींद्रनाथांचे गाणे, अशा थाटात ते उन्हात उभे राहून काम करीत. विद्यार्थ्यांनी मिश्रण कालवावे, सळ्या वाकवाव्यात, परात वर चढवावी आणि हे करताना पाहावे. पुढे ज्याने त्याने आपले शिल्प आपल्या रीतीने करावे. आपल्यासारखे काम करणारा विद्यार्थी त्यांना नको होता. नाटकांचे दिग्दर्शन करणे, नेपथ्य उभारणे, विद्यार्थ्यांना घेऊन भटकणे आणि रेखाटणे, हेही त्यांच्या शिकवण्यातच मोडत असे.

या पद्धतीचे यश त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वेगळेपणावरून मोजावे लागते. शंखो चौधुरी हे त्यांचे शिष्य. १९४५ मध्ये ते रामकिंकरांबरोबर नेपाळला स्मारकाच्या कामासाठी गेले होते. १९४९ च्या सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा आकार घेत असताना शिल्पविभाग उभारण्याचे काम शंखो चौधुरी यांनी केले. त्यांची स्वतःची शिल्पे गुळगुळीत, आटोपशीर आणि बहुधा लाकूड, दगड वा धातूची आहेत. गुरूच्या खडबडीत सिमेंटशी त्यांचे वरवर काहीच नाते दिसत नाही. पण शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या बरोबरीने काम करायचे, ही रीत ते बडोद्याला घेऊन गेले. राघव कनेरिया, महेंद्र पंड्या, नागजी पटेल हे शिल्पकार त्या विभागातून पुढे आले. १९४४ मध्ये कलाभवनात दाखल झालेले के. जी. सुब्रमण्यन हेही पुढे बडोद्याचे मोठे कलाशिक्षक ठरले. केरळमधून आलेले चित्रकार ए. रामचंद्रन यांनी रामकिंकरांच्या शिल्पांचा सविस्तर अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. केरळचेच शिल्पकार के. एस. राधाकृष्णन १९७४ मध्ये कलाभवनात आले. रामकिंकर तेव्हा निवृत्त झाले होते, पण शांतिनिकेतनातच होते आणि विद्यार्थ्यांना त्यांचा सहवास मिळत होता.

या पद्धतीला मर्यादा नव्हत्या असे मात्र म्हणता येणार नाही. मार्गदर्शनाची, टप्प्याटप्प्याने समजावून घेण्याची गरज असणाऱ्या विद्यार्थ्याला असा गुरू अपुरा पडत असणार. नोंदी ठेवणे, शिल्पांची देखभाल करणे, झालेले काम सांभाळणे यांकडे रामकिंकरांचे लक्ष नसे. मागे वळून पाहायचे नाही हा उपदेश त्यांनी जरा जास्तच मनावर घेतला होता.

यक्ष, यक्षी आणि बँक

नव्या सरकारी इमारतींमध्ये भारतीय कलावंतांच्या कामाला स्थान मिळावे, या पंडित नेहरू यांच्या आग्रहातून १९५० च्या दशकाच्या मध्यास रिझर्व्ह बँकेच्या दिल्लीतील इमारतीसाठी शिल्पे करवून घेण्याचे ठरले. मुंबईचे कलाभ्यासक कार्ल खंडालावाला यांनी दाराच्या दोन्ही बाजूंना यक्ष आणि यक्षी असावेत असे सुचवले. यक्षांचा राजा कुबेर हा धनाचा रक्षक, तेव्हा बँकेला ही कल्पना शोभणारीच होती. कलावंतांकडून आलेल्या प्रस्तावांतून रामकिंकरांची निवड झाली.

त्यांनी मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा यक्ष आणि कोलकात्याच्या संग्रहालयातील बेसनगरची यक्षी यांचा आधार घेतला. यक्षाच्या हाती पैशाची थैली आणि यंत्राचे दातेरी चाक दिले, यक्षीच्या हाती फूल आणि धान्याची लोंबी. उद्योग आणि शेती यांची ही रूपे होती. योग्य दगडाच्या शोधात ते हिंडले आणि अखेर कांगडा खोऱ्यातील बैजनाथजवळचा वालुकाश्म निश्चित झाला. तेथून अवाढव्य शिळा काढणे आणि अरुंद रुळांच्या रेल्वेने खाली आणणे, हे मोठेच काम होऊन बसले. वर्षांमागून वर्षे गेली, खर्च वाढला. हिशेब, मुदती आणि पत्रव्यवहार हे रामकिंकरांचे क्षेत्र नव्हते. मनाला येईल तेव्हा सिमेंट फेकणाऱ्या हातांना सरकारी कंत्राटात अडकल्यासारखे झाले. शिल्पे १९६७ मध्ये पूर्ण झाली. सुमारे २१ फूट उंचीच्या यक्षीची नग्नता काहींना रुचली नाही आणि हा विषय राज्यसभेपर्यंत गेला. ज्या प्राचीन यक्षीवरून ती घडवली, ती संग्रहालयात सर्वांच्या आदराचा विषय होती, हे टीकाकारांच्या ध्यानात आले नसावे. शिल्प म्हणून मात्र ही जोडी शांतिनिकेतनातील कामांच्या तोडीची नाही, असे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. दगडात आणि इतरांच्या हातांनी काम करवून घेताना रामकिंकरांचा वेग हरवला.

अखेरची वर्षे

१९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ मध्ये विश्वभारतीने देशिकोत्तम ही आपली सर्वोच्च पदवी त्यांना दिली. सन्मान आले तरी राहणीमान पालटले नाही. आयुष्याच्या सोबती राधाराणी यांच्यासह ते शांतिनिकेतनात एका साध्या घरात राहत. मद्यपान आणि बेफिकिरी यांची चर्चा गावभर होती. १९७५ मध्ये चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी त्यांच्यावर माहितीपट काढायला घेतला. पावसात गळणाऱ्या छपराला आपली तैलचित्रे लावून ठेवतो, तैलरंगातून पाणी झिरपत नाही, ही हकिगत रामकिंकर मजेत सांगत. ऐकणाऱ्याला मात्र हसावे की हळहळावे ते कळत नाही. पुढच्याच वर्षी घटक यांचे निधन झाले आणि तो माहितीपट अपुरा राहिला.

१९८० मध्ये प्रकृती खालावल्यावर रामकिंकरांना कोलकात्याच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे खाटेवर असताना त्यांनी मातीची एक लहानशी दुर्गामूर्ती केली. बांकुड्याच्या मूर्तिकारापाशी शिकलेले हे पहिले काम. २ ऑगस्ट १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

सिमेंटच्या शिल्पांपुढचा प्रश्न त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. आतल्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि सिमेंटला तडे जातात. पावसाच्या पाण्याने खडी सुटी होते, शेवाळ धरते. ब्राँझ शतके टिकते, हे तसे टिकणार नाही. दुरुस्ती करताना नवे सिमेंट मूळ हाताची खूण झाकून टाकते आणि दुरुस्ती न केल्यास ती खूणच गळून पडते. संथाल कुटुंबावर आता छप्पर घालण्यात आले आहे. शिल्प वाचावे म्हणून हे आवश्यकच होते, तथापि ज्या उन्हा-पावसात ते कुटुंब चालताना दिसावे म्हणून रामकिंकरांनी ते उभे केले, ते ऊन आता त्याच्यावर पूर्वीसारखे पडत नाही. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या समग्र कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याची मांडणी के. एस. राधाकृष्णन यांनी केली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.